वाचकांचे प्रश्न : नॉबला हात लावताच आवाज का उसळतो?

प्रश्न : अमळनेर तालुक्यात वरातीत वाजवणारे आमचे छोटे बँड पथक आहे. ऑक्टोपॅडच्या जोडीला यंदा वापरलेला, 16 बटणांचा सिक्वेन्सर (ठेका साठवून आपोआप वाजवणारे यंत्र) घेतला. माहितीपुस्तिका मिळाली नाही. पॅटर्न (साठवलेला ठेका) बदलून फिल्टरचा, म्हणजे आवाजाचा तीक्ष्णपणा कमी-जास्त करणारा, नॉब किंचित फिरवला तरी आवाज एकदम उसळतो. शिवाय दादरा बसवताना शेवटची चार बटणे रिकामी राहतात आणि सम चुकते. नॉब खराब असेल काय? – एक वाचक, अमळनेर

उत्तर : आपण सांगता त्या लक्षणांवरून नॉब बिघडलेला दिसत नाही. ज्या नॉबला दोन्ही टोकांना अटकाव असतो, तो स्वतःच्या जागेवरून 0 ते 127 मधला एक आकडा यंत्राला कळवतो. पॅटर्नमध्ये साठवलेला आकडा मात्र वेगळा असू शकतो. समजा, नव्या पॅटर्नमध्ये फिल्टर 20 वर साठवला आहे आणि आधीच्या गाण्यात आपण नॉब 100 वर नेऊन ठेवला होता, तर त्याला बोट लागताच आकडा 20 वरून थेट 101 वर जातो आणि ऐन वरातीत कर्णे किंचाळतात. अनेक यंत्रांच्या सेटिंगमध्ये यावर ‘कॅच’ किंवा ‘पिकअप’ नावाचा पर्याय असतो. तो निवडला की फिरवलेला नॉब साठवलेल्या आकड्यावरून जाईपर्यंत यंत्र त्याची दखलच घेत नाही. तेवढा वेळ नॉब मेल्यासारखा वाटतो, म्हणून पथकातील सर्वांना हे आधी सांगून ठेवावे. नाहीतर कोणीतरी तो जोरात पिरगाळणारच. अटकाव नसलेला, गोल गोल फिरणारा नॉब केवळ दिशा आणि टप्पे कळवतो, त्यामुळे तिथे ही अडचण उद्भवत नाही.

हात न लावताही आकडा थरथरत असेल, तर मात्र नॉबच्या आतील पट्टीवर धूळ बसली आहे असे समजावे. ट्रॉलीवर वाजवणाऱ्यांच्या यंत्रांत ती बसतेच. यंत्र बंद करून कॉन्टॅक्ट क्लीनरचा थोडा फवारा द्यावा आणि नॉब वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावा.

आता दादरा. 1980 सालच्या रोलंड टीआर-808 या ताल वाजवणाऱ्या यंत्रावर होती तशीच 16 बटणांची ओळ आपल्या यंत्रावर आहे. मात्रेला दोन बटणे धरली तर केरव्याच्या 8 मात्रा तिच्यात नेमक्या बसतात. दादऱ्याच्या 6 मात्रांना 12 बटणेच लागतात, आणि उरलेली चार यंत्र मुकाट्याने मोजत राहते. म्हणून पॅटर्नची लांबी 12 करावी. बहुतेक यंत्रांवर ‘लास्ट स्टेप’ किंवा ‘लेंग्थ’चे बटण दाबून धरून बारावे बटण दाबले की काम होते, काहींवर त्यासाठी ‘शिफ्ट’ लागते. टेम्पोला हात लावू नये. यंत्र चार बटणांना एक ठोका मानते, त्यामुळे पडद्यावर 100 असताना मिनिटाला 200 मात्रा पडतात आणि केरव्यावरून दादऱ्यावर जाताना मात्रेची गती तीच राहते.

नवा पॅटर्न साधारणपणे चालू आवर्तन संपल्यावरच सुरू होतो, तोवर त्याचे बटण लुकलुकत राहते; तेव्हा गायकाने खूण करताच, शेवटच्या आवर्तनातच ते दाबावे. बदललेली लांबी ‘सेव्ह’ करायला विसरू नये, कारण कित्येक यंत्रांत सेव्ह न केलेला बदल जनरेटर बंद पडताच नाहीसा होतो.