सागा म्हणजे गाथा का?

प्रश्न थोडक्यात असा आहे की, तुम्ही एका यंग अडल्ट फॅन्टसी कादंबरीचं परीक्षण लिहिताय, कादंबरी नॉर्स सागांवर, म्हणजे स्कँडिनेव्हिया-आइसलँडकडच्या जुन्या कथांवर, बेतलेली आहे, आणि पहिल्याच वाक्यात तुम्ही 'प्राचीन नॉर्स गाथांच्या शैलीत लिहिलेली' असं म्हटलंय, तर सागाला गाथा चालेल का? आणि पुढे त्यात 'नॉर्न' नावाच्या तीन बायका येतात, त्यांना मराठीत काय म्हणावं?

माझं मत विचाराल तर गाथा नको. दोन्ही शब्द कानाला सारखे लागतात म्हणून हात आपोआप गाथेकडे जातो, पण गाथा आली 'गै' धातूवरून, म्हणजे गाणं, आणि सागा आली जुन्या नॉर्समधल्या 'सेग्या' या क्रियापदावरून, म्हणजे सांगणं. एक गायची, एक सांगायची. आपल्याकडे गाथा म्हटलं की तुकोबांची गाथा, फार मागे गेलं तर हालाची गाथासप्तशती, सगळं पद्य. यशोगाथा, वीरगाथा असे शब्द पेपरात रोज येतात आणि तिथे गाथेचा अर्थ नुसती गौरवाची गोष्ट एवढाच उरलाय हे मान्य, एरवी मी कुणाला अडवणार नाही. पण तुम्ही 'शैलीत' म्हणताय ना, मग गद्य की पद्य हा मुद्दा येतोच, आणि सागा हे पक्कं गद्य आहे, मधेमधे श्लोक येतात तेवढेच. आजच्या आइसलँडिकमधे तर सागा म्हणजे गोष्टही आणि इतिहासही.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा शब्द बखर आहे. खबर या शब्दातली अक्षरं उलटीपालटी होऊन बखर झाला असं मानतात, म्हणजे तिथेही मूळ सांगणंच. गद्य, माणसं खरी, त्यांची घराणी खरी, आणि वर सांगणाऱ्याने रंगवलेले प्रसंग. पण म्हणून सागाला सरळ बखर म्हणू नका, कारण बखर म्हटलं की वाचकाच्या डोळ्यापुढे सभासद आणि पानिपत उभं राहतं, आणि बखर सहसा राजकारणाची असते, सागांमधे मात्र कितीदा भांडण शेतकऱ्याशेतकऱ्यांमधलं असतं, चोरलेल्या अन्नावरून, गवतावरून. तेव्हा शब्द सागाच ठेवा आणि कंसाबिंसात न टाकता एकदा 'बखरीसारखं गद्य कथन' असं लिहून मोकळं व्हा. स्त्रीलिंगी वापरा, आइसलँडिकमधेही स्त्रीलिंगीच आहे आणि आपल्याकडे भाषा, शाळा यांच्या चालीवर सागेत, सागेची असं छान चालतं. 'सागाची' लिहिलंत तर लोकांना सागवान आठवेल.

आता 'प्राचीन'. सागांमधल्या घटना बहुतेक ९३० ते १०३० च्या दरम्यानच्या, पण सागा लिहिल्या गेल्या मुख्यतः तेराव्या शतकात. न्यालची सागा साधारण १२८० ची धरतात. आपलं लीळाचरित्र १२७८ च्या आसपासचं, ज्ञानेश्वरी १२९० ची. म्हणजे इकडे म्हाइंभट आठवणी गोळा करून लहान लहान वाक्यांत, बोलल्यासारखं गद्य लिहीत होते तेव्हाच तिकडे आइसलँडमधे कुणीतरी न्यालची गोष्ट कातड्यावर उतरवत होता, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे वाक्य तसंच तुटक, संवाद तसाच सरळ. मला हे दरवेळी नव्याने आश्चर्याचं वाटतं. तेव्हा 'प्राचीन' खोडा, 'मध्ययुगीन' लिहा.

शैलीचा मुद्दा मात्र नीट बघा, कारण परीक्षण त्यावरच उभं आहे. न्यालच्या सागेत गुन्नार नावाचा वीर घरात वेढला गेलाय, एकटाच लढतोय, आणि एक हल्लेखोर त्याच्या धनुष्याची दोरी तोडतो. तो बायकोला, हालगेर्दला म्हणतो, तुझ्या केसांच्या दोन बटा दे, तू आणि आई मिळून त्यांची दोरी वळा. ती विचारते, त्यावर काही अडलंय का? तो म्हणतो, माझा जीव. मग ती म्हणते, तर मग तू मला मारलेली थोबाडीत आठव. तो म्हणतो, नाव कमवायची प्रत्येकाची आपापली तऱ्हा, तुला परत विचारणार नाही. आणि पुढे मारला जातो. बस्स. तिला काय वाटलं, रडली का, पस्तावली का, निवेदक एक अक्षर बोलत नाही. सागेची शैली ती ही. तुमच्या कादंबरीतली नायिका 'मी' म्हणून बोलते आणि तलवार उचलायच्या आधी दोन पानं स्वतःच्या मनातलं सांगते असं तुम्हीच लिहिलंय, तो काही दोष नाही, तरुण वाचकाला तेच हवं असतं आणि ते चांगलं लिहिलं असेल तर चांगलंच म्हणा, पण त्याला सागेची शैली म्हणता येणार नाही.

शिवाय ओडिन, थोर, लोकी हे नॉर्स देव, तो जगाचा वृक्ष, हे सगळं मुख्यतः एड्डांमधून येतं. एक एड्डा जुन्या कवितांची, दुसरी स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास लिहिलेली. शेतकऱ्यांच्या सागांमधे देव जवळजवळ दिसतच नाहीत. ड्रॅगन हवा असेल तर वोल्सुंग घराण्याच्या सागेत आहे, ती वेगळ्या, दंतकथांच्या सागांपैकी. त्यामुळे तुमचं वाक्य मी असं करेन: 'मध्ययुगीन आइसलँडमधल्या सागा आणि एड्डा यांतून कथावस्तू घेतलेली'. 'शैलीत' गाळा.

नॉर्नसाठी तुम्ही 'नियतीदेवता' सुचवलाय. अर्थ बरोबर आहे, पण शब्द फार कोरडा आहे. मला आधी सटवाईच सुचली, कारण एका जुन्या एड्डा-कवितेत वीराच्या जन्माच्या रात्री नॉर्न घरी येऊन त्याचं आयुष्य ठरवतात, अगदी सटवाई पाचवी-सहावीला कपाळावर लिहून जाते तसं. परीक्षणात ही तुलना जरूर करा, वाचकाला एका ओळीत कळेल. नावाच्या जागी मात्र सटवाई घालू नका, तिचं घर, तिची पूजा, तिची भीती सगळी इथली आहे. नॉर्नच ठेवा आणि तिघींची नावंही तशीच ठेवा: उर्द, वेर्दांदी, स्कुल्ड. स्कुल्ड म्हणजे देणं, कर्ज. आणि वेर्दांदी हे 'घडणं' या क्रियापदाचं चालू रूप, म्हणजे 'घडत असलेली', आणि त्या क्रियापदाचं मूळ आणि संस्कृतातल्या 'वृत्'चं मूळ एकच आहे, ज्याच्यापासून आपला वर्तमान आलाय. उर्दही त्याच धातूची. तेव्हा मधल्या बहिणीला मराठीत अर्थ द्यायचाच असेल तर 'वर्तमान' हा शब्द बिनधास्त वापरा, तो तिचा नात्यातलाच आहे.