खटल्यांच्या तारखा वाच

प्रिय विद्यार्थिमित्रा,
अनेक आशीर्वाद.

तंबाखू नियंत्रणाच्या धोरणावर काम करायचे तू ठरवले आहेस आणि त्यासाठी आधी फुप्फुसांच्या विकारांवरील संशोधन वाचून काढणार आहेस, असे तू कळवलेस. ते अवश्य वाच. पण तंबाखूपायी जगात दरवर्षी सत्तर लाखांहून अधिक माणसे दगावतात, हे कोणत्याही आरोग्यमंत्र्याला नव्याने सांगावे लागत नाही. हे ठाऊक असूनही कायदे का रखडतात, याचे उत्तर बऱ्याच अंशी व्यापार आणि गुंतवणुकीच्या करारांत दडलेले आहे.

ऑस्ट्रेलियाचे प्रकरण घे. सिगारेटची पाकिटे बोधचिन्हाविना, एकाच मळकट रंगाची असावीत, हा मनोदय तेथील सरकारने एप्रिल 2010 मध्ये जाहीर केला. त्यानंतर, फेब्रुवारी 2011 मध्ये, फिलिप मॉरिस या सिगारेट कंपनीने आपल्या तेथील व्यवसायाची मालकी हाँगकाँगमधील कंपनीकडे वळवली आणि हाँगकाँग-ऑस्ट्रेलिया गुंतवणूक कराराच्या आधारे सरकारला लवादापुढे खेचले. लवादाने डिसेंबर 2015 मध्ये हा अधिकाराचा गैरवापर ठरवून दावा फेटाळला. याच कायद्याविरुद्ध काही देशांनी जागतिक व्यापार संघटनेत केलेल्या तक्रारींचा शेवट होण्यास मात्र जून 2020 उजाडला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर 2012 पासूनच कायदा लागू केला होता, पण तसेच पाऊल उचलू पाहणारा न्यूझीलंड निकालाकडे डोळे लावून थांबला आणि तेथे साधी पाकिटे 2018 मध्ये आली. कंपनी हरली खरी, पण मधली वर्षे तिच्या पदरात पडली. म्हणून निकालाआधी तारखा वाचाव्यात, असे मी म्हणतो.

उरुग्वेही फिलिप मॉरिसविरुद्धचा असाच खटला 2016 मध्ये जिंकला आणि कंपनीला त्याच्या खर्चापोटी सत्तर लाख डॉलर द्यावे लागले. परंतु एवढ्या लहान देशाला सहा वर्षे लढणे किती जड गेले असेल!

यावरून व्यापाराचे नियमच आरोग्याचे शत्रू आहेत, असा निष्कर्ष काढू नकोस. तो सोपा आहे आणि चुकीचाही. थायलंडच्या सिगारेट प्रकरणात 1990 साली गॅटच्या, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेआधीच्या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या, मंडळाने परदेशी सिगारेटवरील आयातबंदी नियमबाह्य ठरवली, कारण देशी सिगारेट खुशाल विकली जात होती. मात्र देशी-परदेशी असा भेद न करता जाहिरातींवर बंदी घालण्यास त्याने आडकाठी केली नाही. नियम सर्वांना सारखा की फक्त परदेशी मालाला, हा फरक कायद्याचा मसुदा लिहिताना कामी येतो. त्या मंडळाचा अहवाल आधी वाच आणि तुझी टिपणे मला पाठव.

तुझा शुभचिंतक