गाडीचा हेडरेस्ट उलटा बसवला तर चालतो का?

प्रश्न : हेडरेस्ट (सीटवरची डोक्यामागची उशी) डोकं पुढे ढकलायचा, म्हणून मेकॅनिकने तो उलटा बसवून दिला. आता चोपडा-जळगाव रोज जाताना मान दुखत नाही. मागच्या सीटचे हेडरेस्ट आरशात आड येतात, ते काढून घरी ठेवलेत. चालेल ना? (एक वाचक, चोपडा)

उत्तर : नाही. दोन्ही गोष्टी आजच पूर्ववत करा.

हेडरेस्ट डुलकीसाठी नसतो. पारोळा-एरंडोलकडे महामार्गावर रांग थांबली आणि मागून वाहन आदळलं, की सीट खांद्यांना पुढे ढकलते. डोकं जागीच राहतं आणि मधली मान पिळवटते. हे सेकंदाच्या दहाव्या भागात घडतं, स्नायू आवळायला वेळच मिळत नाही. म्हणून डोक्यामागचं अंतर जितकं कमी तितकं बरं : तीन-चार बोटं, म्हणजे 5 ते 7 सेंमी. उलट्या हेडरेस्टचा बाक मागे जातो आणि हेच अंतर वाढतं. शिवाय उंची लॉक करणाऱ्या खाचा बहुतेक गाड्यांत हेडरेस्टच्या दोनपैकी एकाच दांड्याला असतात. उलटा बसवल्यावर तो दांडा लॉक नसलेल्या बाजूला येतो आणि धक्क्यात हेडरेस्ट खाली घसरतो.

डोकं पुढे ढकललं जातं त्याचं कारण बहुधा सीटची पाठ फार ताठ असते. कंबर पूर्ण मागे टेकवून बसा, सीटची पाठ एकेक टप्पा मागे घ्या. हात लांब केला की मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर टेकलं पाहिजे. त्यानंतरच हेडरेस्टची उंची लावा. वरची कड डोक्याच्या माथ्याएवढी हवी, कानाच्या वरच्या टोकाखाली तर नकोच. शेवटी बटण न दाबता हेडरेस्ट खाली दाबून बघा, हलता कामा नये. बाजारात शिवलेल्या रेक्झिनच्या कव्हरखाली हे बटण पुष्कळदा दडतं. तिथे कव्हर कापून घ्या. मानेची जाड उशी बांधली असेल तर तीही काढा, डोकं आणि हेडरेस्टमधलं अंतर ती बिघडवते.

मागचे हेडरेस्ट काढायची गरजच नाही. कुणी बसलेलं नसेल तेव्हा पूर्ण खाली दाबले की बहुतेक गाड्यांत आरसा मोकळा होतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेकीबाळींना आणायला गाडी भरली, की निघण्याआधी प्रत्येकाचा वर ओढून लॉक करा. खाली राहिला तर तो खांद्यांनाच टोचतो, मानेला उपयोग शून्य. अपवाद एकच : उंच पाठीची बालसीट हेडरेस्टमुळे नीट टेकत नसेल आणि गाडीच्या पुस्तिकेत परवानगी असेल, तर तेवढ्या जागेचा काढावा. काढलेला हेडरेस्ट डिकीत बंदिस्त ठेवा, सीटवर सुटा नको. ब्रेक लागताच तो पुढच्यांच्या अंगावर येतो.