वाचकांचे प्रश्न : ग्रीसच्या बेटावर बोटीनं जाताना

या अंकात ग्रीसमधल्या बोटींच्या प्रवासाबद्दल आलेली पत्रं घेतली आहेत. भाडी आणि सुटण्याच्या वेळा दर हंगामात बदलतात, तेव्हा त्यांचे आकडे अंदाजाचे समजा.

प्रश्न : मुलगी जर्मनीत नोकरीला आहे. सप्टेंबरात ती आम्हा दोघांना अथेन्सला भेटणार आणि तिथून नाक्सोस, सँटोरिनी करायचा विचार आहे. नंतर काही दिवस तिच्या घरी. विमान, व्हिसा, बोट यांत आधी काय काढायचं? बोटीचं तिकीट आत्ताच घेऊन ठेवावं का?
— निवृत्त शिक्षक, आर्वी (जि. वर्धा)

उत्तर : बोटीचं तिकीट सगळ्यात शेवटी. आधी कोऱ्या कागदावर रात्री मोजा : अथेन्सला किती, बेटांवर किती, मुलीच्या घरी किती. व्हिसाचा अर्ज कुणाकडे करायचा हे या मोजणीवर ठरतं. शेंगेन व्हिसा म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा. तो त्या सगळ्या देशांत चालत असला, तरी सहलीचा उद्देश एकच असेल तेव्हा जिथे जास्त रात्री त्या देशाकडेच अर्ज करावा लागतो. ग्रीसमध्ये सहा रात्री आणि मुलीकडे पंधरा असतील, तर तुमचा अर्ज जर्मनीकडे जाईल. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात आधी पाऊल ठेवाल, तो देश. अर्ज प्रवासाच्या ६ महिन्यांहून आधी घेत नाहीत आणि निदान १५ दिवस आधी तरी द्यावाच लागतो. निर्णयाला एरवी १५ दिवस, कागदपत्रं अडली तर ४५ दिवसांपर्यंत लागतात. मोठ्या माणसाची फी ९० युरो, अर्ज घेणाऱ्या व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. पाच वर्षांत बोटांचे ठसे दिलेले नसतील तर दोघांनाही केंद्रावर स्वतः जावं लागेल. आर्वीहून त्या खेपेचे दोन-तीन दिवस धरून ठेवा.

बोटीचा उल्लेख प्रवासाच्या आराखड्यात करायचा, तिकीट व्हिसा हाती आल्यावर घ्यायचं. सप्टेंबरात पायी चढणाऱ्या प्रवाशाला मोठ्या बोटीवर महिनाभर आधी सहसा जागा मिळते. आधी भरतात त्या केबिन, गाड्यांच्या जागा आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यातल्या बोटी, कारण १५ ऑगस्ट हा मेरीमातेचा मोठा सण आणि निम्मं ग्रीस तेव्हा गावाकडे निघालेलं असतं. आज शोधून तुमची तारीख दिसली नाही तर घाबरू नका. उन्हाळ्याची वेळापत्रकं कंपन्या टप्प्याटप्प्यानं टाकतात, काही तर वसंतापर्यंत.

बेटांचा क्रम मात्र उलटा करा : सँटोरिनी आधी, नाक्सोस नंतर. पिरेयस हे अथेन्सचं बंदर. तिथून सुटणारी मोठी बोट आपल्या एसटीसारखी थांबे घेत जाते, बहुतेक वेळा पारोस, नाक्सोस, सँटोरिनी असे. लांबचं बेट आधी उरकलं की परतीचा प्रत्येक टप्पा तुम्हाला अथेन्सजवळ आणतो. मोठ्या बोटीला पिरेयस ते सँटोरिनी साडेसात-आठ तास, सँटोरिनी ते नाक्सोस दोनेक तास आणि नाक्सोस ते पिरेयस पाच-साडेपाच तास धरा. शेवटची रात्र अथेन्सलाच हवी. का, ते पुढच्या उत्तरात.

प्रश्न : माह्या पोराचं लगन झालं. तो अन् सून जुलैत ग्रीसले चालले. तिथं वारा सुटला का बोटीच बंद ठेवतेत म्हणे. मंग परतीचं विमान हुकलं तं पैसे कोन देईन?
— एक आई, दर्यापूर (जि. अमरावती)

उत्तर : ताई, विमानाचे पैसे कोणीच देणार नाही. बोट आणि विमान हे दोन वेगळे करार आहेत. म्हणून पोराला आजच सांगा की बेटावरून सकाळी बोट आणि त्याच संध्याकाळी विमान, असं कधीही ठेवायचं नाही. बोट आणि विमान यांच्यामध्ये निदान एक पूर्ण दिवस मोकळा हवा. जुलै-ऑगस्टात दोन ठेवले तर उत्तम.

त्या वाऱ्याला तिथे मेल्तेमी म्हणतात. बाल्कन भागावर हवेचा दाब जास्त आणि तुर्कस्तानावर कमी, त्यामुळे एजियन समुद्रावर उत्तरेकडून तो जोरात सुटतो. तुर्कस्तानावरचा हा कमी दाब आपल्याच मान्सूनच्या कमी दाबाच्या पट्ट्याशी जोडलेला आहे. आपल्याकडे कपाशीत डवरणी चालू असते, त्याच दिवसांत तिथे हा वारा चालतो. फसवणारी गोष्ट अशी की आभाळ निरभ्र असतं, ऊन लख्ख असतं, बंदराच्या आत पाणीही शांत दिसतं, आणि तरी बोट सुटत नाही.

निर्णय बंदर पोलिसांचा असतो. वारा बोफर्ट मापाच्या ८ वर गेला, म्हणजे ताशी ६२ ते ७४ किलोमीटर, की साधारणपणे मोठ्या बोटीही धक्क्याला बांधून ठेवतात. लहान वेगवान बोटी त्याआधीच, ६-७ लाच थांबतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट बंद होते, तेव्हा गाडी नवी की जुनी हे कोणी विचारत नाही, तसंच हे. बंदी एखाद्या दिवसात उठते, कधी दोन-तीन दिवस टिकते.

बोट रद्द झाली तर बोटीचे पैसे बुडत नाहीत. युरोपीय संघाचा ११७७/२०१० हा नियम लक्षात ठेवायला सांगा. शोधताना आकडा चुकतो. रद्द झाली किंवा सुटायला ९० मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल, तर पूर्ण पैसे परत घ्यायचे की जादा भाडं न देता पुढच्या बोटीनं जायचं, हे प्रवासी ठरवतो. बोट उशिरा पोचली तर भरपाईही आहे : ४ तासांपर्यंतच्या प्रवासात १ तास उशीर, किंवा ४ ते ८ तासांच्या प्रवासात २ तास उशीर झाला, तर भाड्याचा चौथा हिस्सा, उशीर त्याच्या दुपटीहून जास्त असेल तर निम्मं भाडं. पण उशीर हवामानामुळे झाला असेल तर ही भरपाई मिळत नाही आणि हॉटेलचा खर्चही मिळत नाही. इंजिन बिघडल्यासारखं कारण असेल तर मुक्काम कंपनीनं पाहायचा, रात्रीला ८० युरोंपर्यंत, जास्तीत जास्त तीन रात्री.

बंदीची खबर कंपनी मोबाइलवर किंवा ईमेलवर कळवते. तेव्हा तिकीट काढताना +९१ लावून तोच नंबर द्यायचा, जो तिथे रोमिंगवर चालू राहील. एजंटाचा नंबर दिला तर खबर इथे दर्यापुरात येईल आणि पोरगा धक्क्यावर उभा राहील.

प्रश्न : तिकीट काढताना पैसे भरायच्या पानावर कार्ड तीनदा नाकारलं गेलं. खात्यात शिल्लक होती. शिवाय नावाचे दोन रकाने आहेत, त्यांत काय लिहावं?
— पुसद (जि. यवतमाळ)

उत्तर : ऑक्टोबर २०२० पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानं नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंदच असतात. बँकेच्या ऍपमध्ये 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' ही दोन्ही बटणं चालू करा आणि मर्यादा तिकिटाच्या रकमेहून थोडी जास्त ठेवा. फक्त देशात चालणारं रुपे कार्ड तिथे चालणार नाही. रुपयांत भरायचं की युरोत, असं विचारलं तर युरो निवडा. रुपयांत दाखवलेला दर बहुधा महाग असतो. युरोत भरल्यावरही बँक परकीय चलनाचं शुल्क आणि त्यावर जीएसटी लावते, तो धरून हिशेब करा. आणि एकदा नाकारल्यावर लगेच पुन्हा दाबू नका. आधी बँकेचा मेसेज पाहा. पैसे कापले गेले पण पान अडकलं, असं झालं असेल तर दुसऱ्या प्रयत्नात दुहेरी तिकीट निघतं.

नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच. आपल्याकडच्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा पहिल्या नावाच्याच ओळीत असतं, तेव्हा ते तिथेच राहू द्या. लग्नानंतर पासपोर्ट बदलला नसेल तर तिकिटावर माहेरचंच आडनाव. पासपोर्टात आडनावाची ओळ कोरी असेल तर तिकीट काढण्याआधी कंपनीला ईमेल करून विचारा, अंदाजानं भरू नका.

बुकिंग क्रमांक म्हणजे तिकीट नव्हे, हेही सांगायला हवं. काही कंपन्यांत आधी ऑनलाइन चेक-इन केलं की क्यूआर कोड मिळतो आणि तो फोनवर चालतो. काहींचं छापील तिकीट बंदरावरच्या खिडकीतून घ्यावं लागतं. कुठली पद्धत आहे ते बुकिंगच्या ईमेलमध्ये लिहिलेलं असतं. पाच वर्षांखालच्या मुलाला भाडं नसतं, पण शून्य रकमेचं तिकीट लागतंच.

प्रश्न : संकेतस्थळावर सँटोरिनी सापडत नाही.
— वणी (जि. यवतमाळ)

उत्तर : थिरा शोधा, तेच सँटोरिनी. नावांच्या बाबतीत डोळ्यांत तेल घालून पाहा, कारण चुकीच्या बेटाचं तिकीट हा इथला नेहमीचा घोटाळा. इराक्लिओ हे क्रीट बेटावरचं मोठं शहर आणि इराक्लिया हे नाक्सोसजवळचं चिमुकलं बेट. पारोस आणि पोरोस वेगळे, सायरोस आणि स्कायरोस वेगळे, इऑस आणि खिऑस वेगळे. नकाशावर बोट ठेवून मगच पैसे भरा.

प्रश्न : वैनगंगेतल्या डोंग्यापलीकडे पाण्यात कधी बसलो नाही. घाटात एसटी लागते. बोट कोणती घ्यावी?
— देसाईगंज (जि. गडचिरोली)

उत्तर : मोठी, सावकाश जाणारी. वेगवान बोट सँटोरिनीला पाचेक तासांत नेते, पण भाडं बरंच जास्त, ती हलकी असल्यानं लाटेवर आपटते आणि त्यांतल्या बहुतेकींत प्रवासभर बंद काचेआड बसावं लागतं. उलटी होणाऱ्याला नेमकी मोकळी हवा हवी असते. मोठ्या बोटीवर उघडा डेक असतो. तिथलं सगळ्यात स्वस्त तिकीट बिननंबराचं असतं. थोडे जास्त पैसे दिले तर विमानासारखी नंबरी खुर्ची मिळते, आणि पाच तासांच्या दिवसा प्रवासाला ती पुरते. केबिन रात्रीच्या क्रीटच्या बोटीलाच घ्यावी.

बसायचं बोटीच्या मध्यावर आणि शक्य तितकं खालच्या मजल्यावर, कारण टोकं सगळ्यात जास्त वर-खाली होतात. नजर लांब क्षितिजावर, मोबाइल खिशात. उपाशीही नको, पोटभरही नको. गोळी घ्यायची तर बोट सुटण्याच्या तासभर आधी, मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. काचबिंदू, प्रोस्टेटचा त्रास किंवा रक्तदाबाचं औषध चालू असेल तर गावातल्या डॉक्टरांना आधी विचारा; या गोळ्या सगळ्यांना चालत नाहीत.

प्रश्न : वडिलांचे गुडघे गेले आहेत. विमानतळावरून पिरेयसला कसं जायचं आणि बोटीत चढताना किती चालावं लागतं?
— चिखली (जि. बुलढाणा)

उत्तर : विमानतळावरून पिरेयसपर्यंत मेट्रोची ३ क्रमांकाची निळी लाइन थेट जाते, बदलावी लागत नाही; साधारण तास लागतो. रात्री मेट्रो बंद असते, तेव्हा एक्स-९६ ही बस चोवीस तास चालते. मेट्रोत गर्दीच्या वेळी खिसेकापूंचा सुळसुळाट आहे, पासपोर्ट शर्टाच्या आतल्या पिशवीत ठेवा. सँटोरिनीच्या मोठ्या बोटी सकाळी लवकर सुटतात, त्यामुळे आदली रात्र पिरेयसमध्येच काढली तर वडिलांची धावपळ वाचते. मिकोनोस, तिनोस किंवा आंद्रोसला जायचं असेल तर राफिना हे बंदर विमानतळाच्या जास्त जवळ आहे, तेही पाहा.

पिरेयस बंदर अवाढव्य आहे. गेटना ई-१ ते ई-१२ असे क्रमांक आहेत आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला चालत जाणं धडधाकट माणसालाही जड जातं. गेट तिकिटावर किंवा मेसेजमध्ये असतं. टॅक्सीवाल्याला बेटाचं नाव सांगून भागत नाही, गेट आणि बोटीचं नाव दोन्ही सांगा. एक तास आधी पोचा.

चढायची वाट मागच्या बाजूनं, ट्रक जिथून आत जातात त्या उतारावरून. आत गॅरेजमध्येच बेटांच्या नावाच्या पाट्या लावलेली सामानाची कपाटं असतात. मोठी बॅग आपल्या बेटाच्या कपाटात, आणि औषधं, पैसे, पासपोर्ट सोबत. तिथून वर जायला मोठ्या बोटींवर बहुधा सरकता जिना आणि लिफ्ट असते, पण लिफ्ट मागून घ्यावी लागते. वडिलांसाठी निदान ४८ तास आधी कंपनीला मदतीची सूचना द्या, चाकाची खुर्ची वगैरे. तेवढ्या आधी कळवलं तर मदत देणं कंपनीला बंधनकारक आहे आणि तिचे पैसे लागत नाहीत.

उतरण्यात जास्त जपावं लागतं. मधल्या बेटावर बोट पाच-दहा मिनिटंच थांबते. तुमच्या बेटाची घोषणा झाली की लगेच खाली जायचं, रॅम्प उघडेपर्यंत बॅग हातात हवी. वडिलांना पंधरा-वीस मिनिटं आधीच निघायला लावा. नाक्सोसला बंदर गावातच आहे. सँटोरिनीला बंदर कड्याखाली आहे आणि वर जायला वळणावळणाचा घाट. बोटीच्या वेळेला बस लागलेली असते, पण तिथे झुंबड उडते, म्हणून हॉटेलला आधीच गाडी पाठवायला सांगा.

प्रश्न : तिकडच्या नातेवाइकांसाठी आमच्या बागेतली संत्री आणि घरचं तूप नेता येईल का? बोटीत शाकाहारी काय मिळतं?
— काटोल (जि. नागपूर)

उत्तर : दोन्ही नेता येत नाही. युरोपीय संघाबाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेण्यास बंदी आहे, त्यात तूप, पेढे, खवा सगळं आलं. ताज्या फळांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. त्यातून सूट फक्त अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर या पाचांना आहे. संत्री विमानतळावर जप्त होतील. चिवडा, तेलातली शंकरपाळी, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले फुटाणे खुशाल न्या. बोटीवरच्या कॅफेत पालकाची स्पानाकोपिता आणि चीजची तिरोपिता ही पापुद्र्यांची पाई मिळते, शिवाय सॅलड, तळलेले बटाटे, कॉफी. अंडं चालत नसेल तर पाईबद्दल विचारून घ्या, सारणात बऱ्याचदा ते असतं.