माइनक्राफ्टमध्ये शेतातलं पीक हॉपरपर्यंत (वस्तू ओढून पेटीत टाकणारा ठोकळा) पूर्ण पोचत नाही, मधेच गायब होतं. मित्रांच्या सर्व्हरवर खेळतो, ते म्हणतात तुझाच पीसी जुना आहे. बग कुठे आणि कसा रिपोर्ट करायचा?

पीसी जुना असला म्हणून गहू गायब होत नाही, हे आधी मित्रांना सांगा. जमिनीवर पडलेली वस्तू सर्व्हरच्या हिशोबात असते, तुमचा पीसी फक्त तिचं चित्र दाखवतो. पीसी जुना असेल तर चित्र अडकतं, नेट खराब असेल तर चालताना मागे ओढल्यासारखं होतं. पेटीत किती गहू पडला याच्याशी दोन्हींचा संबंध नाही.

एवढं ठासून सांगतोय कारण असंच वाक्य मी एक अख्खी मे महिन्याची सुट्टी ऐकलंय. मी अमळनेरचा. सर्व्हर धुळ्याच्या मावसभाऊच्या पीसीवर चालायचा आणि आम्ही सात-आठ जण त्यावर खेळायचो. मी गव्हाचं शेत बांधलं होतं. वरून पाणी सोडलं की पीक तुटून वाहत हॉपरकडे यायचं. एखाद्या दिवशी सगळं पीक पेटीत, एखाद्या दिवशी निम्मंच. भाऊला सांगितलं की सगळ्यांसमोर एकच उत्तर, "तुन्हं नेटच खराब शे." आमच्याकडे दुपारी लाईट जायची, त्यामुळे बाकीच्यांनाही ते पटायचं.

शेवटी एका रात्री वही घेऊन बसलो. गेमचा नियम असा की खाली पडलेली वस्तू 5 मिनिटांनी नाहीशी होते, म्हणजे गेमच्या घड्याळाचे 6000 ठोके (टिक), सेकंदाला 20. मग 10:06 ला गाजर टाकलं, 10:07 ला हाड, 10:08 ला वीट, 10:09 ला काठी. वस्तू मुद्दाम वेगवेगळ्या आणि लांब-लांब टाकल्या, कारण एकसारख्या जवळ पडल्या की त्यांचा एक ढीग होतो आणि वेळ मोजता येत नाही. नियमाप्रमाणे गाजर 10:11 ला जायला हवं होतं आणि त्यामागून एकेक मिनिटानं बाकीच्या. पण 10:10 ला चारही वस्तू एकदमच गेल्या. काठी तर मिनिटभरच पडून होती. पुन्हा टाकल्या, तर 10:20 ला तेच. दर 10 मिनिटांनी कोणीतरी जमीन झाडून घेत होतं.

मग तेच शेत, तेच व्हर्जन, पण एकट्याच्या साध्या जगात बांधलं, ना मॉड ना प्लगिन, म्हणजे गेममध्ये वरून टाकलेली कुठलीही जोड नाही. एक दाणा कमी आला नाही.

भाऊनं लॅग, म्हणजे गेमचं अडखळणं, कमी व्हावं म्हणून सर्व्हरवर एक प्लगिन टाकलं होतं, पडलेल्या वस्तू पुसणारं. वही दाखवल्यावर त्यानं ते काढलं, पण एका शब्दानं कबूल केलं नाही. अजूनही लग्नात भेटला की माझ्या नेटचा विषय काढतो. चार लोकांसमोर खोटं ठरवलेलं मला अजून विसरता आलेलं नाही.

म्हणून रिपोर्टच्या आधी सर्व्हरवाल्याकडून प्लगिनची यादी मागून घ्या. मोजांग ही गेम बनवणारी कंपनी. तिच्या बग ट्रॅकरवर, म्हणजे बग नोंदवायच्या साइटवर, फक्त साध्या गेममधले बग घेतात. मॉड किंवा प्लगिनवाला रिपोर्ट बंद होतो, आणि ते बरोबरच आहे. साध्या जगातही तेच घडलं तर आधी तिथे शोधा. आधीच कोणी लिहिलेलं असेल तर नवीन न टाकता त्यालाच मत द्या. नसेल तर इंग्रजीत लिहा: नेमकं व्हर्जन, काय-काय केलं ते क्रमानं, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एका रिपोर्टमध्ये एकच बग. गेम बंद पडत असेल तर क्रॅश-रिपोर्ट्स फोल्डरमधली फाईल जोडा. "गेम नीट चालत नाही" असं लिहिणाऱ्याला उत्तराची अपेक्षा ठेवायचा हक्क नाही. दुसऱ्याला परत घडवून दाखवता येत नसेल तर अजून दोन रात्री बसा. आणि प्रयोगाआधी सेव्ह्ज फोल्डरमधल्या जगाची कॉपी काढून ठेवा.

हे सगळं जावा एडिशनचं, म्हणजे गेमच्या पीसीवरच्या आवृत्तीचं आहे, हे वर सांगायचं राहिलं. मोबाईलवर बेडरॉक ही दुसरी एडिशन खेळत असाल तर तिथले बग वेगळे आणि रिपोर्टही वेगळ्या विभागात जातो. कोणती एडिशन, कोणतं व्हर्जन आणि पीक साधारण किती वाजता गायब होतं, तेवढं खाली लिहा. मी तसंच शेत बांधून बघतो.