घड्याळ किती चुकलंय, ते आधी बघा

प्रश्न : दुकानातला बिलिंगचा कॉम्प्युटर सकाळी सुरू केला की तारीख २०१८ ची दाखवतो. बँकेची साइटही उघडत नाही. नेटवरून वेळ जुळवायचं ‘सिंक नाऊ’ बटण दाबून दमलो. (एक दुकानदार, म्हापसा)

उत्तर : सिंकचा यात दोष नाही. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलाय. रात्री दुकान बंद करताना तुम्ही मेन स्विच पाडत असणार (पाडावाच, पावसात विजेचा काय भरवसा). मग रात्रभर घड्याळ चालवायचं काम त्या ३ व्होल्टच्या सेलवर पडतं. प्लग चालू राहिला तर बोर्डाला थोडी वीज मिळत राहते, म्हणून घरच्या डेस्कटॉपचा सेल मेलेला महिनोन्‌महिने कळत नाही.

बँकेची साइट अडते, कारण तिचं सुरक्षा प्रमाणपत्र तुमच्या २०१८ मध्ये निघालेलंच नाही. आणि १५ तासांहून मोठा फरक दिसला की साध्या, ऑफिसच्या डोमेनवर (म्हणजे ऑफिसच्या सर्व्हरच्या ताब्यातल्या जाळ्यावर) नसलेल्या कॉम्प्युटरवर विंडोज सहसा तो सुधारत नाही. वेळ सांगणारा सर्व्हरच बिघडला असेल असं धरतं. आधी तारीख-वेळ हाताने घाला, मग सिंक करा. सेल मात्र आजच बदला, नाहीतर उद्या पुन्हा तेच. आणि २०१८ च्या तारखेने बिलं फाडली गेली असतील तर सीएला आत्ताच सांगा, रिटर्न भरायच्या दिवशी नको.

प्रश्न : लॅपटॉपवर विंडोज आणि उबुंटू दोन्ही आहेत. उबुंटू वापरून विंडोजमध्ये आलो की सकाळचे साडेनऊ वाजता घड्याळ चार दाखवतं. (एक विद्यार्थी, फोंडा)

उत्तर : बरोबर साडेपाच तास! फरकानेच चोर दाखवून दिला. उबुंटू हा लिनक्सचाच एक प्रकार. लिनक्स मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, लिहून ठेवतं. विंडोज तीच स्थानिक वेळ समजून वाचतं. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही आज्ञा (इंग्रजी अक्षरांत) दिलीत की दोघांचं जमेल. ती यंत्रणा थोडी कुरकुरेल, इशारा देईल. भारतात उन्हाळी वेळेची भानगड नसल्याने मला त्यात धोका वाटत नाही.

प्रश्न : ऑफिसात सिंक होत नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लगेच होतं. (वास्को)

उत्तर : ऑफिसच्या फायरवॉलने (नेटवरच्या पहारेकऱ्याने) यूडीपी १२३ हा पोर्ट अडवलाय. वेळेचे निरोप त्याच दाराने येतात. कॉम्प्युटर ऑफिसच्या डोमेनवर असेल तर त्याने वेळ डोमेन सर्व्हरकडूनच घ्यायची असते, तेव्हा सेटिंगला हात लावू नका, आयटीवाल्याला गाठा. नसेल, तर पोर्ट उघडून घ्या आणि ‘इंटरनेट टाइम’मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचा सर्व्हर घाला : टाइम डॉट एनपीएलइंडिया डॉट ओआरजी. भारतीय प्रमाणवेळ तिथेच राखली जाते.

प्रश्न : आमच्याकडे नेट रडतखडत चालतं. मग वेळही उशिरा पोचते का? (वाळपई)

उत्तर : पोचते, पण तो उशीर मोजलेला असतो. निरोप जायला-यायला मिळून किती वेळ लागला ते पाहून त्याचा निम्मा भाग हिशेबात धरतात. जाण्याची आणि येण्याची वाट सारखीच मंद असली म्हणजे झालं.