अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या आणि चरित्रे: माझे मत

आपण विचारले आहे की अलीकडे वाचलेल्या कादंबऱ्या आणि ललितेतर पुस्तकांपैकी कोणती मनापासून आवडली, कोणती आवडली नाहीत आणि त्यामागचे कारण काय. गेल्या काही महिन्यांत मी तीन कादंबऱ्या, एक आत्मचरित्र आणि एक चरित्र वाचले. त्यांतली काही पूर्वी वाचलेली होती, परंतु इतकी वर्षे मध्ये गेली होती की ती नव्यानेच वाचल्यासारखी झाली. ललित आणि ललितेतर ही वाटणी वाचायला घेताना माझ्या मनात होती, वाचून झाल्यावर मात्र तिचा मला फारसा उपयोग उरला नाही. लेखक वाचकावर किती भरवसा ठेवतो, आणि जे सांगायचे त्यातले किती आपल्या हाती सोपवतो, यावरच माझी आवडनिवड ठरत गेली.

सर्वांत आधी विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’विषयी लिहितो, कारण ही कादंबरी अजून मनातून जात नाही. ती १९३९ साली प्रसिद्ध झाली. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या एका जहाजावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू प्रवासी आहेत, त्यांच्यात हॅर्टा नावाची तरुणी आहे, आणि प्रेमात एकदा पोळल्यामुळे स्त्रीजातीवरचाच विश्वास गमावून बसलेला चक्रधर हा नायक तिच्याकडे ओढला जातो. मुंबईला त्याने उतरायचे आहे आणि तिला जहाजावरच राहून पुढे जायचे आहे, हे दोघांनाही पहिल्यापासून ठाऊक असते. बेडेकर कुठेही थांबून या परिस्थितीवर भाष्य करत बसत नाहीत. चित्रपटाच्या क्षेत्रात वावरलेल्या माणसाची नजर त्यांना आहे. दृश्य संपले की ते तिथून निघतात आणि पुढच्या दृश्यात आपल्याला थेट उभे करतात. मला हलवून सोडणारी गोष्ट आणखी वेगळी आहे. हे पुस्तक आले तेव्हा युरोपातल्या ज्यूंचे पुढे काय होणार हे लेखकालाही ठाऊक असणे शक्य नव्हते. आज वाचताना ते आपल्याला ठाऊक असते, आणि त्यामुळे डेकवर चाललेले एखादे साधे संभाषण, एखादी थट्टासुद्धा जड होऊन जाते. इतिहासाचे कितीतरी ग्रंथ आकडे सांगून जे करू शकत नाहीत ते या लहानशा कादंबरीने आकडे न सांगता केले आहे. चक्रधरचा मला अनेकदा राग आला, त्याचे स्त्रियांविषयीचे काही विचार आज सहन होत नाहीत. तरीही लेखक त्याची बाजू मांडायला धावत नाही, हेच मला प्रामाणिक वाटले. शेवट मी येथे सांगत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’बद्दल पुष्कळांनी पुष्कळ चांगले लिहून ठेवले आहे, त्यामुळे मी थोड्या धाकानेच ते हाती घेतले. हा धाक पहिल्याच काही पानांत नाहीसा झाला. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे वर्णन पाहा: घरात येणारी प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय आत घ्यायची नाही, आणि त्यातून मीठसुद्धा सुटत नाही. वाचताना हसू येते, आणि त्याच क्षणी त्या घरातल्या बाईमाणसांचे दिवस कसे जात असतील हे डोळ्यांपुढे उभे राहते. लक्ष्मीबाई वडिलांना दोष देत नाहीत आणि त्यांचे समर्थनही करत नाहीत. जे घडले ते सांगतात. पुढे १८९५ साली पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि लक्ष्मीबाईंच्या पायाखालची जमीनच सरकली. नंतर त्या पतीजवळ राहायला गेल्या तरी आपले पाणी आणि आपला स्वयंपाक वेगळाच ठेवत होत्या. १९०० साली त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण मला त्या तारखेपेक्षा मधली वर्षे मोलाची वाटली. मनातली अस्पृश्यता कशी गळून पडली, हे येथे सिद्धान्त म्हणून येत नाही. कोणाच्या हातचे पाणी चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही, अशा रोजच्या गोष्टींतून येते. धर्मांतरावर याहून जास्त विद्वत्तेने लिहिलेली पुस्तके असतील, परंतु एका माणसाचे मन आतून बदलताना इतक्या जवळून दाखवणारे दुसरे पुस्तक माझ्या वाचनात नाही. फारसे शालेय शिक्षण न मिळालेल्या बाईचे हे गद्य आहे, हे ध्यानात घेतले की तिच्या वाक्यांचा ठसका आणखी विलक्षण वाटतो.

वीणा गवाणकर यांनी लिहिलेल्या, जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर या अमेरिकन कृषिशास्त्रज्ञाच्या ‘एक होता कार्व्हर’ या चरित्राविषयी माझे मत थोडे वेगळे आहे, आणि ते लिहिताना मला संकोच होतो, कारण या पुस्तकाने असंख्य वाचकांना वाचनाची गोडी लावली आहे. गुलामीत जन्मलेले मूल, त्याला आईसह पळवून नेले जाणे, घोड्याच्या बदल्यात फक्त मूल परत मिळणे आणि आईचा पत्ता कधीच न लागणे, हा आरंभ कोणाही वाचकाला खिळवून ठेवील. कापसाच्या सततच्या पिकाने निकस झालेली जमीन शेंगवर्गीय पिकांनी पुन्हा सकस कशी होते, हे गरीब शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन सांगणारा कार्व्हर मला फार मोठा वाटतो. १९०६ साली घोडागाडीवर साहित्य चढवून त्याच्या कल्पनेतली फिरती शाळा सुरू झाली, १९१६ साली त्याने भुईमुगाचे १०५ पदार्थ सांगणारी पुस्तिका काढली. ही कामे जमिनीवरची आहेत. माझी तक्रार एवढीच की चरित्रलेखिकेचा आदर पानोपानी इतका दाटून येतो की कार्व्हर हा माणूस म्हणून दिसण्याआधी आदर्श म्हणून दिसतो. त्याचा एकटेपणा, त्याचे हट्ट, त्याच्या चुका यांच्यापाशी मला जरा अधिक थांबायचे होते. शेंगदाण्याचे लोणी त्याने शोधून काढले असा समज लोकांत आहे, तो खरा नाही. पण तो समज वजा केला तरी कार्व्हरच्या मोठेपणाला ओरखडासुद्धा जात नाही, आणि म्हणूनच अशा थोर माणसाला भक्तीच्या आधाराची गरज नाही असे मला वाटते. चौदा-पंधरा वर्षांच्या वाचकाच्या हाती मात्र मी हे पुस्तक आजही आनंदाने देईन.

कविता महाजन यांची २००५ साली आलेली ‘ब्र’ कादंबरी ललित आणि ललितेतर या दोन्ही प्रकारांच्या सीमेवर उभी आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांसाठी किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या, त्यानंतर सरपंच झालेल्या बायकांचे प्रत्यक्षात काय होते, हे स्वयंसेवी संस्थेत काम करणाऱ्या प्रफुल्लाच्या नजरेतून दिसते. त्या बायका बोलू लागल्या की मी जागचा हललो नाही. प्रफुल्ला स्वतः विचार करू लागली की काही ठिकाणी कादंबरीचा अहवाल होऊ लागतो. तरी असा विषय कादंबरीत आणण्याचे धाडस मला त्या दोषापेक्षा मोठे वाटते.

राहिली व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’. ती मी घाईने वाचायला घेतली, आणि तीच घाईने वाचता आली नाही. तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, मेंढरांमागे कोण जाणार म्हणून मुले शाळेत यायला तयार नसतात, हळूहळू वाडी त्याला आपला मानू लागते, सर्वांच्या कष्टांतून तालीम उभी राहते, आणि मग दुष्काळ येतो. वाडी रिकामी होत जाताना माडगूळकरांचे वाक्य लांबत नाही, आवाज चढत नाही. मास्तरलाही शेवटी निघावे लागते आणि तो निघतो, एवढेच. पुस्तक मिटल्यावर मी पुन्हा पहिले पान काढले. तिथे तोच मास्तर नव्या नोकरीवर रुजू व्हायला पायी वाडीकडे निघाला होता.